डाग ओळखावा, मग घासावा

सण पार पडला, पाहुणे आपापल्या गावी परतले, की घरच्या मोरीत भांड्यांचा ढीग उरतो. बुडाशी लागलेल्या दुधाचे पातेले, तळणाची कढई, आतून काळा पडलेला कुकर, चहाचे तपकिरी भांडे आणि वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली येणारा पितळी हंडा. गृहिणी पदर खोचून बसते, हाताशी येईल ती पूड घेते आणि मनगट दुखेपर्यंत घासते. डाग निघाला नाही, तर दोष ती आपल्या हाताला देते. घरातील इतर मंडळींना तर तिथे डाग होता याचाही पत्ता नसतो.

वाचक भगिनींनो, आणि बंधूंनो (कारण हे काम एकट्या भगिनींचे आहे असे आम्ही मानीत नाही), दोष हाताचा नसतो. डाग बळाने निघत नाही, ओळखीने निघतो. भांडे कोणत्या धातूचे आहे आणि त्यावर काय बसले आहे, एवढ्या दोन गोष्टी ज्याला कळल्या, त्याचे निम्मे काम घासणी हाती घेण्यापूर्वीच झालेले असते.

हे आम्हांस उमगले ते भोपाळ येथे, आमच्या आत्याबाईंच्या मोरीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर मध्य प्रदेशची राजधानी असलेले नागपूर विदर्भासह मुंबई राज्यात आले, आणि नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे आपले बिऱ्हाड आवरून तिकडे गेली. आत्याबाईंचे यजमान त्यांपैकीच एक. आत्याबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. आज त्या नव्वदीला टेकल्या आहेत. लग्नातली भांडी गोणपाटात बांधून त्यांनी आगगाडीने नेली: तांब्याची घागर, पितळेची दोन पातेली, एक परात, लोखंडी तवा आणि कढई. तात्या टोपे नगरातील सरकारी घरात पुढे त्यांत ॲल्युमिनियमची आणि मग स्टीलची भर पडली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे आठ दिवस राहिलो. एके सकाळी आमच्या हातून दूध करपले. लाज वाटून आम्ही तारेची घासणी घेतली आणि पातेले खरवडू लागलो. इतक्यात भांडी घासावयास येणाऱ्या बाई आल्या. गेली तीस वर्षे त्या या घरी येतात. आत्याबाई त्यांना 'बाई' म्हणतात आणि त्या आत्याबाईंना 'अम्मा'. बाईंनी काही न बोलता पातेले आमच्या हातून काढून घेतले. मग त्यांनी सारा ढीग धातूप्रमाणे वेगळा केला: पितळ एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे, लोखंड भिंतीशी, स्टील पाटावर. प्रत्येक भांडे उचलताना त्या आत्याबाईंना एवढेच विचारीत, "अम्मा, यात काय होते?" वैद्य जसा औषधापूर्वी नाडी पाहतो, तसे ते विचारणे होते. बाईंच्या त्या चार राशींच्या क्रमानेच आता पुढे जाऊ.

तांबे आणि पितळ

तांब्या-पितळेवर हवेचा आणि ओलाव्याचा परिणाम होऊन काळपट थर चढतो. हा थर म्हणजे त्या धातूचीच बदललेली कातडी होय. वाळूने घासले तर थरासोबत धातूही झिजतो. चिंच, लिंबू, आमसूल किंवा आंबट ताक यांतील आम्लात मात्र तो थर विरघळतो आणि खालचा धातू जागच्या जागी राहतो. चिंचेत चिमूटभर मीठ घातले, तर हे काम अधिक लवकर होते. चिंचेचा कोळ भांड्याला माखून काही मिनिटे थांबावे, मग हलक्या हाताने काथ्याने चोळावे.

येथे पुष्कळ जण एक चूक करतात. भांडे चकाकले की समाधान मानून ते तसेच ओले पालथे घालतात. उरलेले आंबट आणि मीठ धातूला पुन्हा धरते आणि दुसऱ्या दिवशी हिरवट डाग दिसू लागतात. म्हणून भरपूर पाण्याने धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, उन्हात ठेवावे.

चिंचेने तांबे उजळते त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. जे आम्ल डाग विरघळवते, तेच आम्ल स्वयंपाकात असले तर तांबेही विरघळवते. आपल्या आज्या 'ताक कळकले' म्हणत. उघड्या पितळेत ठेवलेले ताक, आमटी किंवा कढी चवीला तुरट लागते, आणि ती खाणाऱ्याला मळमळ व उलट्या होतात. तांब्याच्या घागरीत साधे पाणी ठेवावे. सरबत किंवा ताक कधीही ठेवू नये.

कळकू नये म्हणूनच आतून कल्हई करीत. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर भुरभुरतो, त्याने धातूचा पृष्ठभाग स्वच्छ होतो, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला कथील सर्वत्र फिरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, आणि वाळूने किंवा तारेने आतून घासू नये. कल्हईला कोमट पाणी, साबण आणि मऊ फडके एवढेच पुरे. अन्न चिकटले तर रात्रभर भिजत ठेवावे.

नवी कल्हई किती महिन्यांनी करावी, असे विचारतात. महिने मोजण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावे. आत तांबूस किंवा पिवळा ठिपका दिसू लागला, की त्या भांड्यात आंबट शिजविणे थांबवावे. कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे ना, हे विश्वासाच्या माणसाकडून पाहून घ्यावे. स्वस्त म्हणून त्यात शिसे मिसळलेले असेल तर ते अन्नात उतरते, आणि शिसे हे लहान मुलांच्या मेंदूचे वैरी आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. उलट भांडे छान चकाकत असते. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून वाचकांनी ती स्मरणात ठेवावी.

ॲल्युमिनियम

कुकरच्या तळाशी आतून काळेपणा चढतो, तो जळका नसतो. पाण्यातील क्षारांमुळे ॲल्युमिनियमच्या वरच्या थराचा रंग पालटतो. हा काळेपणा घासून जात नाही, पण आंबटाने जातो. कुकरात पाणी घालून त्यात चिंचेचे बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाकावी आणि दहा मिनिटे उकळावे. ते पाणी फेकून द्यावे. पुढे रोज कुकर लावताना खालच्या पाण्यात लिंबाची एक फोड टाकली, तर काळेपणा चढतच नाही.

ॲल्युमिनियमचे वैर आहे ते धुण्याच्या सोड्याशी आणि राखेशी. दोन्ही क्षारधर्मी आहेत. ती ॲल्युमिनियमला खातात, भांडे निस्तेज होते आणि हळूहळू पातळ होते. कॉस्टिक सोडा तर या भांड्याजवळही नेऊ नये. पितळेला लागू पडले ते ॲल्युमिनियमला लागू पडेलच असे नाही, ते असे.

लोखंड

लोखंडी कढईवर तेल तापून तापून एक काळा, गुळगुळीत थर बसतो. नवी सून पुष्कळदा तो मळ समजून खरवडून काढते, आणि मग तव्यावर घावन चिकटते, कढई गंजते. हा थर कढईचे कवच आहे. हेच तेल स्टीलच्या भांड्यावर जळून बसले तर तो डाग होतो. लोखंडावर तो गुण होतो. लोखंडी भांडे पाण्यात भिजत टाकू नये. गरम पाण्याने व काथ्याने धुवावे, चुलीवर क्षणभर ठेवून कोरडे करावे आणि बोटभर तेल चोळून ठेवावे. गंज चढलाच तर मीठ आणि तेलाने चोळून काढावा. हट्टी असेल तर चिंचेचे पाणी थोडा वेळ लावून लगेच धुवावे, आणि पुन्हा तेल द्यावे.

स्टील

न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम धातू किमान साडेदहा टक्के असतो. हवेतील प्राणवायूशी मिळून तो भांड्यावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्यामुळे स्टील गंजत नाही. तारेच्या घासणीने पापुद्र्यावर चरे पडतात. शिवाय लोखंडी तारेचे कण मागे राहिले, तर तेच गंजतात, आणि दोष मात्र भांड्याला येतो. मीठही पाणी उकळू लागल्यावरच घालावे. थंड पाण्यात घातलेले मीठ तळाशी बसून बारीक खड्डे पाडते.

स्टीलवरचे डाग चार प्रकारचे. पांढरे, खडूसारखे डाग हे जड पाण्यातील चुन्याचे. ते लिंबाने किंवा व्हिनेगरने जातात. निळे-सोनेरी, इंद्रधनुष्यासारखे डाग अति तापल्याने पडतात, त्यांनाही व्हिनेगरच. चहाचे तपकिरी डाग खाण्याच्या सोड्याने निघतात. चौथा करपल्याचा डाग. त्याला ऊब, सोडा आणि वेळ लागतो.

आता आमच्या करपलेल्या पातेल्याकडे येऊ. ते स्टीलचे होते. बाईंनी प्रथम ते निवू दिले, कारण तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतले तर पातळ बूड वाकते. मग खरपुडी बुडेल इतके पाणी घालून त्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा टाकला, मंद आचेवर दहा मिनिटे ठेवले आणि झाकून दिले. संध्याकाळी लाकडी उलथन्याने कड उचलली, आणि सारी खरपुडी एका पापडासारखी सुटून आली. सकाळी आम्ही अर्धा तास खरवडले होते; बाईंनी अर्धे मिनिटही खरवडले नाही. दूध लागूच नये म्हणून भांडे आधी पाण्याने विसळून, ते न पुसता दूध ओतावे, हेही त्यांनीच सांगितले.

राखेचे रहस्य

खेड्यापाड्यांत अजूनही चुलीची राख भांड्यांना वापरतात, आणि शहरातली मंडळी तिला हसतात. हसण्याचे कारण नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो भांड्यावरच्या तेलकट चिकट्याशी मिळाला की तेथल्या तेथे थोडासा साबणच तयार होतो. मात्र राख चाळून घ्यावी; खडा राहिला तर ओरखडा उठतो. कोळशाची राख, प्लॅस्टिक किंवा रंगीत कागद जाळलेल्या चुलीची राख भांड्याला लावू नये. चुलीवर ठेवण्यापूर्वी भांड्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला, तर काजळी मातीला धरते आणि धुताना मातीबरोबर निघून जाते. आपल्या आज्यांनी हे सारे प्रयोगशाळेवाचून जाणले होते.

दोन वस्तू एकत्र आणण्यापूर्वी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे वळतो. डाग निघत नाही म्हणून चिडून माणूस एकावर एक औषधे ओततो. लिंबू चालले नाही, सोडा घाला. सोडा चालला नाही, ब्लीचिंग पावडर टाका. तीही चालली नाही, तर संडासासाठी आणलेले ॲसिड ओता. लिंबू आणि सोडा एकत्र केले तर फेस येतो आणि दोन्हींचे बळ जाते, नुकसान एवढेच. परंतु ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आली, तर क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरानेही तो सुटतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधील ईप्र गावाजवळ सैनिकांवर सोडला तो हाच वायू. बंद मोरीत तो थोडा सुटला तरी छाती भरून येते. म्हणून ही दोन द्रव्ये एका जागी वापरू नयेत, एका फळीवर ठेवू नयेत, आणि सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नयेत. लेकरे बाटली ओळखतात, आतले द्रव्य ओळखत नाहीत. चुकून वायू सुटलाच, तर भांडे उचलण्याच्या भरीस न पडता मोकळ्या हवेत निघून जावे.

भोपाळमध्ये हे सांगावे लागत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. पाणी ही किती निरुपद्रवी वस्तू! पण त्या द्रव्याशी गाठ पडताच टाकी तापली आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. मध्य प्रदेश शासनाने ३,७८७ मृत्यू मान्य केले. इतर अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत, आणि जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांचे डोळे व फुप्फुसे कायमची अधू झाली.

आत्याबाईंचे घर दूर असल्याने त्या वाचल्या. बाई मात्र कारखान्याजवळच्या वस्तीत राहत होत्या. त्या रात्रीविषयी त्या बोलत नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही. त्या बोलल्या ते पाण्याविषयी. कारखान्याने वर्षानुवर्षे आपल्या आवारात टाकलेल्या रासायनिक कचऱ्याने भोवतालचे भूजल बिघडले. ही वायूच्या रात्रीहून वेगळी आणि संथ आपत्ती होती. पुढे तपासण्यांत त्या पाण्यात विषारी द्रव्ये आढळली, काही हातपंप 'पिण्यास अयोग्य' म्हणून लाल रंगाने रंगविले गेले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरविण्याचा आदेश दिला. कारखान्यात साठलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूर येथे जाळण्यासाठी नेण्यात आला. जमिनीत मुरलेले मात्र तसे उचलून नेता येत नाही.

बाई म्हणाल्या, की नळ येईपर्यंत त्या हातपंपाचेच पाणी भरीत. घागर चिंचेने घासून सोन्यासारखी करीत आणि मग तिच्यात ते पाणी ओतीत. भांडे घासून निघते, पण पाणी कशाने घासायचे? हे त्या हसत म्हणाल्या. आम्हांस हसू आले नाही.

घरोघरी काय करावे

वाचकहो, चकाकी म्हणजे स्वच्छता नव्हे. करपलेल्या पातेल्याचा काळा डाग कोणाचा जीव घेत नाही. त्याला सोडा आणि एक रात्र पुरते. कल्हईतले शिसे, उघड्या पितळेतले ताक, मोरीतला वायू आणि विहिरीतले न दिसणारे द्रव्य, हे डाग मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, आणि घासणीने निघत नाहीत. तेथे आधी विचारावे लागते. पाण्याला वेगळा वास, रंग किंवा चव आली, अथवा विहिरीजवळ कारखान्याचे सांडपाणी वा फवारणीच्या औषधाचे डबे पडत असतील, तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करून पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. उकळल्याने जंतू मरतात. रासायनिक विष उकळून जात नाही. फवारणीचा रिकामा डबा कितीही घासला तरी तो पाण्याला किंवा धान्याला वापरू नये.

आणखी एक विनंती. घासणाऱ्या हातांचाही विचार व्हावा. सोडा आणि पूड यांनी बोटांना चिरा पडतात. काम झाल्यावर हात धुऊन त्यांना खोबरेल लावावे. घरी कामाला येणाऱ्या बाईंसाठी हातमोजे आणि तेलाची वाटी मोरीजवळ ठेवावी. करपलेले पातेले तसेच कोरडे त्यांच्यापुढे ढकलू नये. ज्याने करपविले त्याने ते आधी भिजत घालावे. पुढच्या सणाला पंगत उठल्यावर घरातील पुरुषांनी व मुलांनीही मोरीत उतरावे, आणि घासणी उचलण्यापूर्वी बाईंचा तो प्रश्न विचारावा: यात काय होते?

आम्ही भोपाळहून निघालो त्या सकाळी आत्याबाईंची घागर अंगणात उन्हात पालथी होती. नागपूरहून येऊन तिला सत्तर वर्षे होत आली. ती अजून एकाही जागी चेपलेली नाही, चरा नाही, आणि ती कधी वाळूने घासलेली नाही.